उमेद, उभारी, धीर, जिद्द: गंभीर आजारात कुठला शब्द कुठे?

प्रश्न: कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत लिहायचं आहे. ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य पानोपानी येतं आणि कोरडं वाटतं. उमेद, उभारी, धीर, जिद्द यांतलं काय वापरावं?

उत्तर: ‘सकारात्मक’ आधी काढाच. तपासणीच्या भाषेत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं. बायोप्सी पॉझिटिव्ह ही वाईट बातमी. पण स्तनाच्या कर्करोगात ‘हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह’ (गाठीच्या पेशींत हॉर्मोनला पकडणारे रेणू सापडले) आलं तर हॉर्मोनच्या औषधांची वाट खुली होते. त्याच पानावर ‘पॉझिटिव्ह राहा’ वाचणाऱ्या घाबरलेल्या माणसाचा गोंधळ उडणारच.

बाकीच्यांना क्रियापदं लावून पाहा. धीर देतात, धरतात. तो सुटतो, खचतो. म्हणजे तो बाहेरून देता येतो. म्हणून हा शब्द घरच्यांच्या पानावर हवा. उभारी येते, वाटते. ‘मनाने उभारी धरली’ म्हणतात, पण ती कुणाच्या सांगण्यावरून येत नाही. मूळ ‘उभा’, प्राकृत उब्भ, संस्कृत ऊर्ध्व. आडवं पडलेलं पुन्हा उभं राहणं त्यात आहे. केमोथेरपीच्या अनेक पद्धतींत दोन डोसांमध्ये 21 दिवस असतात. पहिले काही दिवस मळमळ, गळाठा. साधारण 7 ते 14 दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली. मग रक्त सावरतं. तिथे ‘तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना जरा उभारी वाटते’ हे वाक्य चपखल बसतं, आणि पहिल्या आठवड्यात पडून राहणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

शंका: मग उमेद आणि आशा एकच ना?

उत्तर: नाही. आशा कशाची तरी असते: बरं होण्याची, रिपोर्ट चांगला येण्याची. ती गोष्ट हुकली की आशा मावळते. फारसीतून आलेली उमेद मराठीत विषयावाचूनही नांदते. ‘उमेदीची वर्षं’ म्हणताना कशाची उमेद, हे कुणी विचारत नाही. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही माणसाला उमेद असू शकते. त्या पानावर मला दुसरा शब्द सुचत नाही.

जिद्द जपून वापरा. अरबी मूळ अर्थ विरोध, हिंदीत ज़िद म्हणजे हट्ट. मराठीत तो कौतुकाचा झाला. पण ‘जिद्दीने कर्करोगावर मात केली’ लिहिलं की ज्याचा आजार बळावला त्याची जिद्द कमी पडली, असा अर्थ निघतो. हे क्रूर आहे आणि चूकही. गाठ जिद्दीने आकसत नाही. ‘झुंज हरला’चंही तेच. जिद्द एखाद्या कामाला जोडा: रोज 10 मिनिटं चालण्याची जिद्द.

पुरवणी: ‘रेमिशन’ला, म्हणजे आजाराच्या खुणा कमी होण्याला किंवा दिसेनाशा होण्याला, ‘रोगमुक्त’ लिहू नका. ‘दुखण्याला उतार पडला’ हा घरातला शब्द आहे, आणि उतरलेलं पुन्हा चढू शकतं हे त्यात वेगळं न सांगताच आलं. स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान 30 टक्क्यांनी घटली तर डॉक्टर ‘अंशतः प्रतिसाद’ म्हणतात. तिथे ‘काही अंशी उतार’ चालेल.

शेवटचा प्रश्न: ‘जीवनाचे ध्येय शोधा’ या मथळ्याचं काय करू?

उत्तर: ध्येय लांब असतं, गाठावं लागतं. प्रयोजन आजचंही असतं: कुंडीला पाणी घालणं, नातीची गणितं तपासून देणं. पण ‘प्रयोजन’ मथळ्यात जड होईल. ‘आज कशासाठी उठावंसं वाटतं?’ असं विचारा, आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडा.