कार्पवर पहिला बाण: थेट सुरुवात करावी की आधी गळ टाकून शिकावं?

ओला बाण (धागाकर्ता)
गेली तीन वर्षं मैदानावर टार्गेटवर बाण मारतोय. आता बोफिशिंगला हात घालायचा आहे. बाणाला दोरा बांधून उथळ पाण्यातला मासा टिपायचा आणि दोऱ्याने ओढून घ्यायचा, एवढीच त्याची व्याख्या. गळाने मासे धरणाऱ्या एका जुन्या माणसाला विचारलं तर म्हणाले, "आधी दोन वर्षं गळ टाक, मासा ओळखायला शीक, मग धनुष्य उचल."

मला हे पटत नाही. माझं मत, नेम येत असेल तर नवशिक्याने सरळ कार्प या गोड्या पाण्यातल्या माशावरच सुरुवात करावी. मासा थोराड असतो. पाणी कोमट झालं की अंडी घालायला अगदी काठाशी येतो, पाठीवरचा पर पाण्याबाहेर काढून खळबळ माजवतो, बहिऱ्यालाही ऐकू जावी अशी. शिवाय बऱ्याच देशांत तो उपरा आहे. अमेरिकेत १८७७ साली सरकारी मत्स्य आयोगानेच तो जर्मनीहून आणला आणि खाण्याचा मासा म्हणून तळ्यातळ्यांत वाटला. आज तोच तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो म्हणून ओरड आहे. अशा माशावर हात बसवला तर बिघडलं कुठे?

कालवा
काही बिघडलं नाही, या. फक्त मैदानावरचं धनुष्य जसंच्या तसं घेऊन येऊ नका. ३५ ते ४० पौंड खेचीचं साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) पुरे. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, काढून टाका, इथे नेम धरून उभं राहायला वेळच नसतो; मासा दिसला, ओढलं, सोडलं. बाण फायबरग्लासचा, चांगला जड, आणि त्याला पिसं नसतात. पिसांत दोरा अडकतो आणि पाण्यात शिरताना बाण भरकटतो. टोकाला उलटे काटे, म्हणजे मासा निसटत नाही.

पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, सेफ्टी स्लाइडवर नको. बाणावर मागेपुढे सरकणारी छोटी कडी असते, दोरा तिला बांधायचा. त्यामुळे धनुष्य ओढलेलं असतानाही दोरा प्रत्यंचेच्या पुढेच राहतो. दोरा थेट बाणाच्या शेपटीला बांधला आणि प्रत्यंचेत गुंतला, तर सुटलेला बाण झटका खाऊन उलटा तोंडावर येतो. यात लोक जिवानिशी गेलेत.

रीळ बाटलीवालं घ्या, त्यात दोरा बाटलीत सैल पडलेला असतो आणि बाणामागे आपोआप सुटतो. बटणवाल्या रिळात प्रत्येक वेळी सोडण्याआधी बटण दाबावं लागतं. माझ्या दुसऱ्याच दिवशी समोर हे धूड दिसलं आणि मी बटण विसरलो. दोरा तुटला म्हणून वाचलो. बाण गेला तळाला, आणि मी दहा मिनिटं तिथेच मटकन बसून होतो.

गळ टाकून बसलेला
ते जुने गृहस्थ मी नव्हे, पण त्यांच्या बाजूने बोलतो.

गळाला भलता मासा लागला तर ओल्या हाताने धरून सोडून देता येतो. बाण शरीरातून आरपार गेल्यावर काय सोडणार? इथे ओळख आधी लागते, नेम नंतर. आणि वरून बघून कार्प ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. कॉमन कार्पला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, पाठीचा पर लांबलचक. अमेरिकेतला बिगमाउथ बफेलो नावाचा तिथलाच अस्सल मासा वरून बघाल तर तसाच थोराड, तसाच लांब पराचा, फक्त मिशा नाहीत. गढूळ पाण्यात सहा फुटांवरून मिशा दिसतात का सांगा! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बफेलोंपैकी एकाचं वय ११२ वर्षं निघालं. तुमच्या आजोबांच्या वडिलांच्या वयाचा मासा 'उपरा' म्हणून मारायचा, आणि वर 'बिघडलं कुठे' म्हणायचं?

शेवाळ
गळवाले काका, मुद्दा रास्त, पण 'सोडून देता येतो' हे सगळीकडे लागू नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात पकडलेला कार्प जिवंत पाण्यात परत सोडायलाच बंदी आहे. तिथे गळ काय आणि बाण काय, शेवट एकच. उलट बाण नीट डोक्यामागे बसला तर काम चटकन होतं. गळवाले माशाला खेळवून खेळवून दमवतात, त्याचं काय?

गळ टाकून बसलेला
"नीट बसला तर." नवशिक्याचा नीट बसतो का? शेपटीकडे लागलेला मासा हिसडे देत बाण ओढत वेलींत शिरतो, काटे फाटून निघतात आणि तो जखमी होऊन नजरेआड जातो. हे मी काठावर बसून दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळी पाण्यावर एकच मोठा खवला तरंगत आला, बाकी काही नाही.

काठावरची
वाद थोडा बाजूला ठेवून एक सांगते, कारण धागाकर्त्याचा नेम हीच त्याची पहिली अडचण ठरणार आहे. पाणी प्रकाश वाकवतं, म्हणून मासा असतो त्याहून वर दिसतो. सरळ वरून पाहिलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो, तिरपं पाहिलं तर फसवणूक आणखी. बोफिशिंगवाल्यांचा ठोकताळा असा: मासा तुमच्यापासून दहा फूट दूर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली मारा. अंतर दुप्पट झालं की आठ इंच, खोलीही दुप्पट झाली की सोळा. तीन वर्षं पिवळ्या ठिपक्यावर मारलेला हात हे मुळीच ऐकत नाही. मैदानावरच्या पोरांपेक्षा कधीच धनुष्य न धरलेली माझी बहीण लवकर शिकली, कारण तिला काही विसरायचं नव्हतं.

पोलराइज्ड चष्मा हवाच. त्याशिवाय पाण्यावर फक्त आभाळ दिसतं.

कालवा
ताईंना +१. आणि पाय आपटत चालू नका. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याला भलतं चांगलं ऐकू येतं. होडीत डबा आपटला की सगळे गुल.

ओला बाण
वाकणारा प्रकाश शाळेत शिकलो होतो, पण सोळा इंच? बाप रे. ओळखीचा मुद्दाही मान्य. तरी काका, एक सांगा. मी फक्त अंडी घालायच्या हंगामात, नितळ पाण्यात, पंधरा फुटांच्या आत मारले आणि शंका आली की धनुष्य खाली, तर? कार्प कमीच होतील ना, त्यात तोटा कुणाचा?

गळ टाकून बसलेला
कमी होतील हा भ्रम सोडा. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. तुम्ही दहा मारले तर उरलेल्यांना खायला जास्त मिळेल, एवढंच. मजा येते म्हणून करताय असं सरळ म्हणा, मी वाद घालणार नाही. तळ्याची सेवा वगैरे म्हणू नका. आणि मारलेल्याचं काय करणार ते आधी ठरवा. काठावर ढीग टाकून गेलेले बहाद्दर मी पाहिलेत, आठवडाभर तिकडे फिरकवत नाही. पोटात घालणार की खड्डा खणून खत करणार?

शेवाळ
हा शेवटचा मुद्दा मलाही मान्य, मुकाट्याने.

ओला बाण
बरं, मजा येते म्हणून. आणि खत, बागेत खड्डा आहे. तिथले नियम आणि परवाना आधी बघतो. पहिले दोन शनिवार धनुष्य घरीच, फक्त चष्मा घेऊन काठावर बसतो. दिसलेल्या प्रत्येक माशाचं नाव मनात घ्यायचं आणि पटलं नाही तर तो 'सोडला' असं वहीत लिहायचं. मग बुडवलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर बाण. गळ मात्र दोन वर्षं टाकणार नाही, तेवढा धीर नाही.

गळ टाकून बसलेला
बाटलीत वाळू भरा, नाहीतर तरंगेल आणि परत वरच्यावरच मारत बसाल. एक फुटावर, मग दोन फुटांवर. खडकाळ तळ टाळा, टोकं बोथट होतात. आणि वहीत किती 'सोडले' ते इथे लिहा, मला बघायचंय.