ज्यात काम करणारे हात दिसतात, असं कोणतं पुस्तक सध्या वाचताय?

निफाडचा बागवाला

मंडळी, सध्या काय वाचताय आणि कुठल्या लेखकाकडं तुम्ही परत परत जाता, ते सांगा. फक्त मोठमोठ्या नावांची यादी नको. मला अशी पुस्तकं पाहिजेत ज्यात माणूस काम करताना दिसतो. कामाचं वर्णन असं पाहिजे की त्या धंद्यातल्या माणसानं वाचलं तर म्हणावं, हा लेखक इथं उभा राहिलाय.

माझं सांगतो. पिंपळगाव बसवंतच्या जवळ आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन गेली, आता फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणं आणि डावणी या बुरशीच्या रोगावर नजर ठेवणं चालू आहे. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू करून मळ्यातल्या घरी बसावं लागतं, कारण बिबट्याच्या भीतीनं उगाच बांधावर फिरायची सोय राहिलेली नाही. माझं सगळं वाचन त्याच वेळेत होतं.

आनंद यादव हा माझा लेखक. ‘झोंबी’ शाळेत असताना सरांनी दिली होती. हल्ली ‘गोतावळा’ दुसऱ्यांदा वाचतोय. १९७१ची कादंबरी आहे. नारबा नावाचा शेतगडी सांगतो. मालकाच्या मळ्यातले बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो. गोष्ट एवढीच, पण जनावराला वैरण कशी टाकायची, दावं कुठं आवळतं, आजारी बैल मान कशी टाकतो, हे सगळं नारबाच्या हातातून येतं. भाषा कागलकडची, आमच्या निफाडच्या कानाला वेगळी. सुरुवातीला अडखळायला होतं, पण एकदा कान बसला की पुस्तक खाली ठेववत नाही.

आमच्याकडं बैल माझ्या वडिलांच्या हयातीतच गेले. गोठ्याच्या जागी आता फवारणीचा ब्लोअर उभा असतो. म्हणून मला ही कादंबरी इतकी लागते.

शेतकऱ्याचं दुःख सांगणारी पुस्तकं मराठीत आहेत आणि ती वाचलीच पाहिजेत. सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ आमच्या प्रत्येक गावात आहे. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा तर मला टोमॅटोच्या हंगामात वाचवतच नाही. भाव पडला म्हणून पिकवणाराच आपला माल पायाखाली तुडवतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

पण दुःखाच्या आधी काम असतं ना? आमच्याकडं विरळणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांची टोळी येते. घड डाव्या हाताच्या बोटांवर नुसता तोलायचा, दाबायचा नाही. उजव्या हातातल्या कात्रीचं टोक आत घालून आतल्या बाजूचे, दाटीतले मणी काढायचे. टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तिथं डाग पडतो, आणि मणी फुगतो तसा डागही मोठा होत जातो. एक्स्पोर्टचा माल असेल तर तो घड गेला. एवढं नाजूक काम त्या बायका मान वर करून दिवसभर करतात, तोंडानं गाणी चालू असतात, आणि संध्याकाळी खांदे धरून बसतात. त्या माना आणि ते खांदे अजून मला कुठल्या पुस्तकात भेटले नाहीत. कुणाला भेटले असतील तर नाव सांगा. मी विकत घेईन.

विहितगावकर

बागवाले दादा, प्रश्न आवडला. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. कामगारांच्या वस्तीत वाढलो, म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे : बाबूराव बागूल. आमच्या विहितगावचे. १९३०चा जन्म, आणि २००८ साली गेले तेही नाशिकमध्येच.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आलं. त्यातली शीर्षककथा रेल्वेतल्या कामगाराची आहे. नोकरीसाठी परक्या गावी गेलेला, भाड्यानं खोली शोधणारा तरुण, आणि जात कळली तर काय होईल ही धास्ती. बागूल स्वतः रेल्वेच्या कारखान्यात राबले होते. कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कुणाचं हसणं कुठं थांबतं, हे त्यांना बाहेरून बघायची गरज नव्हती. ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९चं. ते मुंबईच्या झोपडपट्टीत उतरतं. एका बैठकीत वाचू नका, झेपत नाही. एक कथा वाचावी आणि पुस्तक दोन दिवस मिटून ठेवावं.

सध्या मात्र नातीला रोज रात्री ‘श्यामची आई’ वाचून दाखवतोय. साने गुरुजींनी ते आमच्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ला सुरू करून १३ तारखेच्या पहाटे संपवलं. दिवसा तुरुंगातलं काम आणि रात्री लेखन. जेल रोडवरून जाताना नातीला भिंत दाखवली तर तिनं विचारलं, “इथं त्यांना कागद कुणी दिला?” मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पोरगी रोज विचारते.

गोदाकाठची

दादा, प्रश्न चांगला आहे, पण तुमच्या ‘काम’ या शब्दात शेत आणि कारखानाच दिसतो. घर चालवणं कुठं गेलं?

मी पंचवटीत राहते, शाळेत शिकवते. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचते आहे. लग्नाआधी एकदा वाचली होती, तेव्हा तिच्यातला विनोदच तेवढा लक्षात राहिला होता. आता दोन्ही मुलं मोठी झाल्यावर वाचताना वेगळंच पुस्तक हातात आलं. लक्ष्मीबाई आपल्याच, जलालपूरच्या. १८६८चा जन्म, माहेरच्या गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला यावा. सोवळं पुरुषानं मांडायचं, आणि त्यासाठी लागणारं पाणी, धुणं, पुसणं, पुन्हा धुणं बायकांनी करायचं. लक्ष्मीबाई हे कुठं तक्रार करत सांगत नाहीत. नुसतं कोणी काय केलं ते सांगत जातात, आणि वाचणाऱ्या बाईचे हात दुखायला लागतात.

पुढं नवऱ्याच्या, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारात तर आज पैसे आहेत, उद्या नाहीत. रेव्हरंड एका दमात कुणाला तरी सगळं देऊन टाकणार आणि चुलीपुढं ह्या उभ्या. त्यात १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली. त्या काळातलं लिखाण मी हळूहळू वाचते आहे, रोज थोडंसंच.

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई हे लिहिते, हे मी दहावीच्या मुलींना आवर्जून सांगते. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’सुद्धा पुढं त्यांनीच पूर्ण केलं. १९३६ साली त्या नाशिकलाच वारल्या. आपल्या शहरात साहित्याचं नाव काढलं की पहिलं नाव तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं निघतं, ते योग्यच आहे, पण जलालपूरला कुणी पाहुण्यांना घेऊन जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सातपूर सेकंड शिफ्ट

मी कंपनीत सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर आहे. कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचतो, म्हणून कविता बऱ्या पडतात.

माझा कवी नारायण सुर्वे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२चं, ‘माझे विद्यापीठ’ १९६६चं. गिरणी कामगारानं वाढवलेलं पोर, स्वतः मजुरी केली, शाळेत शिपाई होता, मग मास्तर झाला. सुर्व्यांच्या कवितेत कामगार हा मोर्चातला चेहरा नाही, तो घरी येऊन पोराशी बोलतो, उधारी मोजतो. मला ते पटतं.

मशीनवर काम करणाऱ्या माणसाची आजची कादंबरी मात्र मला अजून सापडलेली नाही. टूल बदलताना येणारा कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास, जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट झाला की सुपरवायझर यायच्या आधी पोटात येणारा गोळा, कंत्राटी पोरांना सहा-सात महिन्यांनी कामावरून थांबवणं, ज्याला आम्ही ब्रेकिंग म्हणतो. अंबड-सातपुरात एवढी माणसं राबतात, आणि आमच्यावर कथा नाही. दादा, तुमच्या विरळणीच्या बायकांसारखंच आहे हे.

निफाडचा बागवाला

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझी आई सकाळी बागेत आणि दुपारी चुलीपुढं, आणि दोन्हीकडचा हिशोब तिच्या डोक्यात. ‘स्मृतिचित्रे’ आजवर वाचायची राहिली, आता नक्की घेतो.

याच वळणाचं एक सुचवतो, उद्धव शेळक्यांची ‘धग’, १९६०ची. वऱ्हाडातली कौतिक. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, संसाराचा गाडा ओढते ती. मिळेल ते काम करते, पोराला शिकवायची जिद्द सोडत नाही. लेखकानं तिला देवी केलेलं नाही आणि बिचारीही केलेलं नाही. मला मराठीतली ती सगळ्यात खरी बाई वाटते.

काका, बागुलांचं पुस्तक घरी आहे, बायकोनं आणलेलं. आजच काढतो.

सातपूरवाले भाऊ, तुम्ही वर कूलंटचं लिहिलंत ना, तेच पुढं लिहा. मी मनापासून सांगतोय.

सिन्नरचा मास्तर

मी थोडा विरोधी सूर लावतो. पुस्तकात काम दिसतं की नाही, या मापानं मी लेखक मोजणार नाही. माझे आवडते लेखक जी. ए. कुलकर्णी. ‘काजळमाया’ मी किती वेळा वाचलं त्याला गणती नाही. त्यांच्या कथेत माणूस नियतीपुढं उभा असतो. तो कुठला धंदा करतो याला तिथं महत्त्वच नाही. वाचून झाल्यावर वर्गात जाऊन लगेच शिकवता येत नाही, इतकं ते आत जातं. अशा लेखनाला तुमच्या यादीत जागा नसेल तर ती यादी तोकडी आहे असं मी म्हणेन.

पण विचारलंच आहे म्हणून ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, म्हणून मला जवळची. मी पहिली नेमणूक अशाच वस्तीवर केली, मुलं मेंढरांमागं आणि वर्ग रिकामा. गावकरी मिळून तालीम बांधायची ठरवतात, तो सगळा भाग पुन्हा वाचा. आणि शेवटी दुष्काळानं वाडी कशी उठते तेही. माडगूळकर एक शब्द जास्त वापरत नाहीत.

आमच्या तालुक्याचा अभिमान म्हणून एक नाव : वामनदादा कर्डक. देशवंडीचे. त्यांना वाचायचं कमी आणि ऐकायचं जास्त. आमच्याकडं कितीतरी लोकांना ती गाणी तोंडपाठ आहेत, छापील पुस्तक कधी हातात न घेता.

निफाडचा बागवाला

मास्तर, जीएंना जागा नाही असं मी कसं म्हणेन. माझी मागणी एका वेळची आहे, ते साहित्याचं माप नाही. रात्री मोटर चालू असताना मला जमिनीवरचं काहीतरी लागतं.

‘बनगरवाडी’चं बरं आठवण करून दिलंत. आमच्याकडं उन्हाळ्यात धनगर येतात, खतासाठी रानात मेंढरं बसवतो. वाघर (जाळीचं कुंपण) लावून कळप आत घेतला की ते कुटुंब उघड्यावरच स्वयंपाक मांडतं. ‘बनगरवाडी’ वाचल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यापाशी बसून नीट बोललो. त्याआधी फक्त व्यवहार ठरवत होतो.

सावानाची सभासद

नाशिकमधल्यांसाठी : यातली जुनी पुस्तकं दुकानात सहज मिळाली नाहीत तर सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४०पासूनची संस्था आहे, आणि काऊंटरवरच्या मंडळींना लेखकाचं नाव सांगितलं की बाकीचं तेच शोधतात. ‘गोतावळा’ मी तिथूनच वाचली. सोसायटीत वाचणारी माणसं असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी मागवा. पेटी बदलत राहते, त्यामुळं आपण आपणहून कधीच उचललं नसतं असं पुस्तकही हाती येतं. मला दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ असंच मिळालं. महिन्याला एक प्रकरण, चैत्रापासून. सध्या मी त्या त्या महिन्यात त्या महिन्याचंच वाचते. बागवाले दादा, झाडं बघणाऱ्या माणसानं हे वाचायलाच हवं.

निफाडचा बागवाला

सगळ्यांचे आभार. आधी बागूल, मग ‘स्मृतिचित्रे’, आणि ‘ऋतुचक्र’ बांधावर ठेवायला.

एक शेवटचं विचारतो. काढणी सुरू झाली की दीड-दोन महिने कादंबरी हातात धरता येत नाही. गाडी भरून गेल्यावर अर्धा तास मिळतो, तेवढ्यात संपेल असं काही?

सिन्नरचा मास्तर

‘माणदेशी माणसं’. माडगूळकरांचंच, १९४९चं. एका लेखात एक माणूस, अर्ध्या तासात होतो. ‘धर्मा रामोशी’ आधी वाचा, मग ‘झेल्या’. ‘झेल्या’ वाचून काय वाटलं ते इथं लिहा, मी वाट बघतो.