'गर्भाशयमुख असलेल्या व्यक्ती' की 'स्त्रिया'? दवाखान्यातल्या कागदावर काय लिहावं

(टोपणनावांनी झालेली चर्चा)

निळी शाई

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीपत्रकात 'तीस वर्षांवरील स्त्रियांनी' हे शब्द काढून 'गर्भाशयमुख असलेल्या तीस वर्षांवरील व्यक्तींनी' असं लिहावं, ही सूचना हल्ली वरचेवर ऐकू येते. माझा तिला विरोध आहे. ट्रान्स पुरुषांना (जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेल्या, पण पुरुष म्हणून ओळख असलेल्यांना) तपासणी मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण जिच्यासाठी पत्रक छापायचं, त्या बाईला ते आपल्यासाठी आहे हे कळलं पाहिजे.

'गर्भाशयमुख' हा शब्द रोजच्या बोलण्यात नाही. 'पिशवी' सगळ्यांना कळते, 'पिशवीचं तोंड' म्हटलं की बऱ्याच जणींना उमगतं. आपल्याला असा अवयव आहे हेच जिला माहीत नाही, ती 'असलेल्या व्यक्ती'त स्वतःला कशी धरणार? हा प्रश्न फक्त कमी शिकलेल्यांचा नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या स्त्री-पुरुषांना विचारलं होतं. बाईला खाली तीन छिद्रं (लघवीचं, योनीचं, शौचाचं) असतात हे निम्म्याहून कमी लोकांना सांगता आलं.

शिवाय माणसाला अवयवानं ओळखण्यात जो अपमान वाटतो तो खोटा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं मुखपृष्ठावर 'योनी असलेली शरीरं' अशा अर्थाची ओळ छापली आणि संपादक रिचर्ड हॉर्टन यांना माफी मागावी लागली. पाळीवरच्या एका प्रदर्शनाबद्दलच्या लेखातली, बायकांच्या शरीराकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दलची ओळ होती ती, आणि तिच्यातच बाई हा शब्द नव्हता.

काटेकोर

पत्रकापुरतं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण दवाखान्यात कागद एक नसतो. पत्रक, केसपेपर, प्रयोगशाळेचा अर्ज आणि संगणकातली बोलावण्याची यादी हे चार वेगळे कागद आहेत. तुम्ही पहिल्याचा नियम बाकी तिघांना लावताय.

यादीचं बघा. इंग्लंडमध्ये तपासणीचं बोलावणं नोंदीतल्या लिंगावरून आपोआप जातं. ज्याची नोंद 'पुरुष' झाली त्याला गर्भाशयमुख असलं तरी पत्र आपोआप जात नाही. त्याला स्वतःहून मागावं लागतं. प्रयोगशाळेतही तेच: अर्जावर 'पुरुष' आणि नमुना गर्भाशयमुखाचा, म्हणजे काहीतरी चूक आहे असं समजून नमुना परत येऊ शकतो.

आणि नमुना घेतला तरी काम संपत नाही. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रान्स पुरुषांचे १०.८ टक्के नमुने वाचण्याजोगे निघाले नाहीत, ट्रान्स नसलेल्या स्त्रियांचे १.३ टक्के. बरेच ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे योनिमार्गाचं आणि गर्भाशयमुखाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, पेशी कमी मिळतात, आणि मिळालेल्या पेशी कधी कधी कर्करोगपूर्व बदलांसारख्या दिसतात. म्हणून अर्जावर 'टेस्टोस्टेरॉन चालू, पाळी बंद' हे लिहावं लागतं. गरज आणि संमती असेल तर आधी दोनेक आठवडे कमी मात्रेचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनिमार्गात देतात, अरुंद स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून बघायचं उपकरण) घेतात, किंवा स्वतःच घ्यायच्या एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) नमुन्याचा पर्याय देतात. 'स्त्री' एवढी एकच चौकट असलेल्या अर्जात यातलं काय मावणार?

अवयवाची नोंद बायकांनाही उपयोगी आहे. 'पिशवी काढली' असं सांगणाऱ्या बाईचं गर्भाशयमुख काढलंय की ठेवलंय हे कुणी विचारत नाही. वरचा भाग काढून मुख तसंच ठेवलेलं असेल तर तपासणी चालूच राहते. सगळं काढलेलं असेल आणि पूर्वी पेशींत गंभीर बदल आढळले नसतील तर सहसा थांबवता येते. दोघीही 'स्त्री'च. फरक अवयवाचा आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या कागदावर असतो, बाईच्या आठवणीत नाही.

ओली पट्टी

दोघांचाही मुद्दा पुढारलेल्या टोकावरचा आहे. मराठी दवाखान्यात मुळात अवयवाचं नावच कुणी घेत नाही. 'खालची जागा', 'लघवीची जागा', 'तिकडे', आणि कागदावर 'गुप्तांग'. समावेशक भाषेचा वाद घालायचा तर आधी भाषा हवी.

यातून काय बिघडतं ते सांगते. पाळी जाऊन चार वर्षं झालेली बाई म्हणते, 'लघवीच्या जागेतून लाल जातंय.' ऐकणारा लघवीची तपासणी लिहितो, जंतुसंसर्गाची औषधं देतो. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर योनिमार्गातून एकदा जरी रक्त दिसलं तरी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी व्हायला हवी, आणि ती राहते. विचारायचं असं: लघवी होताना धारेत लाल दिसतं का? लघवी नसताना कपड्याला लागतं का? पुसल्यावर पुढे दिसतं, मधे की मागे? तीन प्रश्न, अर्धं मिनिट.

'अंगावरून जातंय' याचा अर्थ रक्तही होतो आणि पांढरंही. रंग विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'अंग बाहेर येतं' हे गर्भाशयाबद्दलही म्हणतात आणि गुदाशयाबद्दलही. 'गर्भपात झाला होता का?' विचारलं की बाई गप्प होते, कारण आपोआप पडला आणि करून घेतला या दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. 'आपोआप खाली झालं होतं का? की गोळ्या घेतल्या, क्युरेटिंग केलं?' असं सुटं विचारलं, आणि बरोबरच्या नातेवाइकाला बाहेर बसवलं, तर उत्तर येतं.

सर्वांत मोठी गल्लत 'योनी' या शब्दाची. बाहेरचे ओठ आणि त्वचा, आणि आतला मार्ग, दोन्हींना आपण योनीच म्हणतो. बाहेरच्या त्वचेवर लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार होतो: पांढरट, पातळ पडलेली त्वचा, रात्री वाढणारी खाज. त्याला क्लोबेटासोल ०.०५ टक्क्यांचं मलम लागतं, बाहेरून, पातळ थरात. कागदावर 'योनीला खाज' एवढंच लिहिलं की आत ठेवायच्या बुरशीच्या गोळ्या मिळतात, पुन्हा पुन्हा. तोवर बाहेरचे ओठ चिकटतात, योनिमार्गाचं तोंड आवळतं, आणि काहींना पुढे तिथेच कर्करोग होतो. 'बाहेरची त्वचा की आतला मार्ग?' हा प्रश्न मला 'स्त्री की व्यक्ती' याच्या आधीचा वाटतो.

निळी शाई

ओली पट्टी, शब्दन्‌शब्द मान्य. आणि 'लज्जास्थान' या शब्दाला आरोग्याच्या कागदात मज्जाव हवा. लॅटिनमधला 'पुडेंडम' हाही लाजेवरूनच आलेला. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शरीररचना शब्दावलीतून स्त्रीच्या बाह्य जननांगाचं ते नाव गेलं, 'व्हल्व्हा' राहिला. त्या भागातल्या मज्जातंतूच्या नावात मात्र 'पुडेंडल' अजून आहे.

चौकट

काटेकोर यांनी नोंदीचा मुद्दा मांडला, पण त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. अमेरिकेतली २०१९ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली घटना घ्या. बत्तीस वर्षांचा ट्रान्स पुरुष पोटात दुखतंय म्हणून आला. आपण ट्रान्स आहोत हे त्यानं सांगितलं, घरी केलेली गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली हेही सांगितलं. नोंदीत 'पुरुष' होतं. रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेला लठ्ठ पुरुष, घाईचं नाही, असं धरलं गेलं. काही तासांनी लक्षात आलं तेव्हा नाळ खाली सरकली होती, आणि मूल मृत जन्माला आलं. तिथे काय कमी पडलं? 'व्यक्ती' हा शब्द नव्हे. जन्मावेळचं लिंग नोंदीतून पुसलं गेलं होतं, ते कमी पडलं. शरीराबद्दलचा शब्द जितका मऊ कराल तितकी अशी चूक सोपी होते.

काटेकोर

मऊ करा असं मी म्हटलेलंच नाही, अधिक चौकटी करा म्हणतोय. जन्मावेळी नोंदलेलं लिंग एक, आज स्वतःची ओळख दुसरी, आणि खाली अवयव: गर्भाशय, गर्भाशयमुख, बीजांडकोश, स्तन. प्रत्येकापुढे 'आहे', 'काढलं', 'माहीत नाही'. ही माहिती तिथे असती तर त्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत गरोदर समजून तपासलं असतं. पाळी बंद असली तरी टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, हे लक्षात आणून देणारी चौकटही तीच.

आणि 'स्त्री म्हणजे गर्भाशय असलेली' हे गृहीतक उलट बाजूनेही टोचतं. साधारण पाच हजारांत एक मुलगी गर्भाशयाविना जन्मते, बीजांडकोश मात्र व्यवस्थित. तिला प्रत्येक भेटीत 'शेवटची पाळी कधी?' विचारायचं आणि उत्तर ऐकून चमकायचं, हे अवयवांची यादी पुढ्यात असेल तर टळतं.

अनुस्वार

भाषेपुरतं बोलतो. वाद इंग्रजीतून उचलल्यामुळे तोडगेही तिकडचे येताहेत. मराठीला त्यातले निम्मे लागत नाहीत.

'तुम्हाला पाळी शेवटची कधी आली?', 'दुखतं का?', 'अंगावर पाजता का?', 'तपासणी करून घ्याल का?' यांत बोलणाऱ्यानं समोरच्याचं लिंग ठरवलेलंच नाही. अडतं ते 'तुम्ही मागे आला होतात की आल्या होतात' अशा भूतकाळात. तिथे 'तुमची मागची भेट कधी झाली?' म्हटलं की सुटतं. इंग्रजीत स्तनाऐवजी छाती म्हणावं की काय यावर केवढा गदारोळ झाला. आपल्याकडे 'अंगावर पाजणं' आणि 'अंगावरचं दूध' पहिल्यापासून आहे, त्यात स्तनही नाही आणि बाईही नाही. उलट 'व्यक्ती' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, तेव्हा 'ती व्यक्ती आली' म्हणून ट्रान्स पुरुषाचं काही साधत नाही.

एक धोका मात्र ठळक सांगायला हवा. काही ट्रान्स पुरुषांना योनी हा शब्द स्वतःबद्दल नको असतो, म्हणून इंग्रजीत 'पुढचं छिद्र' अशा अर्थाचा शब्द रुळला. तो जसाच्या तसा मराठीत आणू नका. मराठीत पुढचं छिद्र म्हणजे लघवीचं. आत ठेवायच्या गोळीच्या सूचनेत तो शब्द गेला तर काय होईल?

ओली पट्टी

गोंधळ आत्ताच होतो. 'खालून ठेवायची गोळी' म्हटल्यावर ती गुदद्वारात ठेवली जाते, कधी तोंडावाटे गिळली जाते. लिहायचं ते असं: 'झोपताना, आडवं होऊन, गुडघे वाकवून. लघवीच्या छिद्राच्या मागे आणि शौचाच्या जागेच्या पुढे जो मार्ग आहे त्यात, सहज जाईल तितकी आत. गिळू नये.' शेजारी रेषाचित्र, तीन छिद्रं, मधल्यावर बाण. यात योनी हा शब्द कंसात घातला काय, न घातला काय, गोळी योग्य जागी जाते.

तपासणीच्या टेबलावरही तेच. 'पाय फाका' हे कुणालाच म्हणू नये. 'गुडघे वाकवा आणि बाहेरच्या बाजूला सैल सोडा. आता हात मांडीला लागेल. आता उपकरण आत येईल. पिशवीच्या तोंडाला पातळ आम्ल लावलंय, एक मिनिट थांबून बघायचंय. थांब म्हणालात तर थांबेन.' ही वाक्यं बाई असो, ट्रान्स पुरुष असो, बदलावी लागत नाहीत.

चौकट

मग समोरच्याला जो शब्द हवा तो वापरायचा, की नाही? की तुम्ही ठरवाल तोच?

काटेकोर

बोलताना त्याचा शब्द, कागदावर आपला. सुरुवातीलाच विचारायचं: 'या भागाला मी काय म्हणू?' त्यानं काहीही सांगितलं तरी एकदा चित्रावर बोट ठेवून खात्री करायची. केसपेपरवर 'योनिमार्ग', 'गर्भाशयमुख', 'बाह्य ओठ' हेच. पुढचा डॉक्टर, प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रिया करणारा यांना एकच अर्थ कळला पाहिजे.

चौकट

याला माझी हरकत नाही. पत्रकाबद्दल मात्र मी निळी शाई यांच्याच बाजूला. 'स्त्रिया' हा शब्द काढू नका.

निळी शाई

मग पत्रकाची ओळ अशी करावी असं मी सुचवते: 'तीस वर्षांवरील स्त्रियांनी, तसेच ज्यांना गर्भाशयमुख (पिशवीचं तोंड) आहे अशा ट्रान्स पुरुषांनी व इतरांनी ही तपासणी करून घ्यावी. पिशवीची शस्त्रक्रिया झाली असल्यास कागद सोबत आणावेत.' स्त्रिया पहिल्या, बाकीचे जोडलेले.

अनुस्वार

'व इतरांनी' काढा, कुणालाच कळणार नाही. आणि 'पिशवीचं तोंड' कंसाबाहेर आणून आधी लिहा, 'गर्भाशयमुख' कंसात जाऊ द्या. जो शब्द वाचणारीला येतो तो कंसात का?