द्राक्षबियांचा अर्क, हळद, ग्रीन टी: उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावर खरंच उपयोग होतो का?

बागायतदार_तासगाव
द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आली आहे. पाला उतरला की मांडवाखाली सावलीच उरत नाही. द्राक्षबियांच्या अर्काच्या आणि कर्क्युमिनच्या गोळ्या 'उन्हापासून होणारा कर्करोग रोखतात' म्हणून खपवल्या जात आहेत. यात तथ्य किती? शिवाय छाटणीच्या टोळीतल्या एकाला कोड आहे, तो बावचीचं तेल लावून कामावर येतो. चालेल का?

फार्मसी_मिरज
तथ्य आहे, पण ते उंदरांपुरतं.

अतिनील किरणांतला यूव्हीबी पेशीच्या डीएनएवर पडला की शेजारचे दोन थायमिन (डीएनएचे घटक) एकमेकांना चिकटतात. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर चूक कायमची राहते, आणि ती पी-53 जनुकात झाली तर पेशीचा लगाम सुटतो. द्राक्षबियांतली प्रोअँथोसायनिडिनं, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतलं सिलिमरिन यांनी बिनकेसाच्या उंदरांत गाठी कमी आणि उशिरा आल्या. ही द्रव्यं दाह कमी करतात, दुरुस्तीलाही मदत करतात. माणसांत मात्र यांनी कर्करोग टळल्याचा भक्कम पुरावा नाही.

आणि गंमत बघा, थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही द्राक्षं सगळी बिनबियांची. पेटी संपवली तरी बियांतलं द्रव्य पोटात जायचं नाही.

हळदीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के, म्हणजे 3 ग्रॅमच्या चमच्यात 100 मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून गोळ्यांत मिरीतलं पायपरिन घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हात लावू नका. अंगाला हळद फासूनही भागत नाही: हळदीत बुडवलेलं फडकं उन्हात वाळत घाला, पिवळा रंग उडतो, कारण कर्क्युमिन उजेडात मोडतं. ग्रीन टी कपाने प्या. अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर रक्तात यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण.

त्वचा_सातारा
बावचीचं आधी. तिच्यात सोरॅलेन असतं. उन्हातला यूव्हीए (अतिनील किरणांचाच दुसरा प्रकार) मिळाला की ते डीएनएला जाऊन चिकटतं. कोडाच्या उपचारात हेच मोजूनमापून वापरतात. तेल चोपडून दिवसभर बागेत उभं राहिलं तर फोड येणार, आणि सोरॅलेन-यूव्हीएचा मारा वर्षानुवर्षं झाला तर कर्करोगाचा धोका वाढतो. कामाच्या दिवशी तेल बंद, चट्टे कापडाखाली, बाकी त्याच्या डॉक्टरांना विचारून. लिंबाचा रस आणि अंजिराचा चीकही असाच भाजतो.

माणसांवरचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरचा, 1992 ते 1996, 1,621 लोक. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या) कर्करोगाच्या गाठी सुमारे 40 टक्के कमी झाल्या. बीटा-कॅरोटिनच्या 30 मिलिग्रॅम गोळीने काहीच फरक पडला नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर ती गोळी घेऊच नये, फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं आहे.

बागायतदार_तासगाव
आणि टोमॅटो? व्हिटॅमिन बी-3 बद्दलही ऐकलंय.

फार्मसी_मिरज
एका छोट्या प्रयोगात 40 ग्रॅम टोमॅटो पेस्ट तेलासोबत रोज खाल्ली, 10 आठवड्यांनी उन्हाची लाली 40 टक्के कमी. पण लाली म्हणजे कर्करोग नव्हे. बी-3 म्हणजे निकोटिनामाइड, 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा: 2015 च्या चाचणीत नव्या गाठी 23 टक्के कमी झाल्या, पण ज्यांना आधीच असा कर्करोग होऊन गेला होता त्यांच्यात. गोळी थांबली की फायदाही थांबला. नायसिन हे बी-3 चंच दुसरं रूप, पण वेगळं, ते घेऊ नका.

त्वचा_सातारा
मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य सांगलीच्या थेट डोक्यावर येतो, एप्रिलचं ऊन त्याच तोडीचं. जमेल तितकं काम साडेदहाच्या आत आणि चारनंतर. छाटताना मान वर असते, टोपीची कड मागे जाते आणि चेहरा उघडा पडतो. म्हणून नाक-गालांवर उपरणं बांधाच. कापड गडद, घट्ट विणीचं, पूर्ण बाह्यांचं. पांढरा पातळ सदरा घामाने भिजला की किरणं आरपार. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा-मानेला मिळून चमचाभर, दर दोन तासांनी. लोक वाटाण्याएवढं लावतात, मग छापलेला आकडा कसा मिळेल?

महिनाभरात न भरणारी जखम, जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली गाठ, तळपायावर वाढणारा काळा डाग, यावर घरगुती लेप लावत बसू नका. बायोप्सी करा, म्हणजे तुकडा काढून तपासून घ्या.