वस्तू येतात, पण समाधान टिकत नाही: उपाय काय?

प्रश्न (उदगीर, जि. लातूर)

मी आणि माझे पती दोघेही शिक्षक आहोत. पगार नियमित आहे, घर स्वतःचे आहे आणि मुलांची शिक्षणे नीट चालली आहेत. तरीही नवी वस्तू घरात येण्याआधीची हुरहूर जेवढी गोड असते, तेवढा तिचा सहवास गोड राहत नाही, हे वारंवार जाणवते. टीव्ही थोड्याच दिवसांत भिंतीचा भाग होतो आणि नजर दुसऱ्या कशावर तरी जाते. आमच्याकडे महालक्ष्म्यांची आरास पाहतानाच कोणाकडे काय नवे आले याची चर्चा सुरू होते, आणि पुढे सोयाबीनचे पैसे आडतीवरून घरी आले की दुकानांसमोर मंडप पडतात. सासूबाई म्हणतात, समाधान मनात असावे लागते. ते पटते, परंतु मनाची समजूत घालून गप्प बसणे आणि खरोखर समाधानी असणे यांत काही फरक असलाच पाहिजे. तो कसा ओळखावा, आणि दुसरी अवस्था प्रयत्नाने येते का?

प्रतिसाद १ (अंबाजोगाई, निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र)

ताई, आपला अनुभव मानसशास्त्राच्या चांगला ओळखीचा आहे. माणूस सुखाच्या नव्या पातळीला लवकर सरावतो आणि मग तीच त्याला साधारण वाटू लागते, हे ब्रिकमन आणि कॅम्पबेल या अमेरिकी संशोधकांनी 1971 साली मांडले. पुढे 1978 साली ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या 22 जणांची तुलना त्याच भागातील इतरांशी केली, तेव्हा ते विशेष अधिक सुखी आढळले नाहीत; उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी यांसारख्या रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. पाहणी फार लहान होती, म्हणून तिच्यावर मोठा सिद्धान्त उभा करू नये. परंतु रोजच्या गोष्टींची गोडी कमी होणे हा मुद्दा मला आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा वाटतो.

हुरहुरीचे कारणही बरेचसे कळलेले आहे. माकडांवरील प्रयोगांत वोल्फराम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांना असे दिसले की फळांचा रस मिळणार याची खूण प्राण्याला एकदा कळली, की मेंदूतील डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी त्या खुणेलाच उत्तेजित होतात आणि अपेक्षेप्रमाणे रस मिळाला तर जवळजवळ गप्प राहतात. माणसाचे मन माकडाच्या मेंदूपुरते नसते, हे मान्य. पण दुकानाबाहेरचा मंडप नेमके कशाला हात घालतो, हे यावरून समजायला मदत होते.

आता आपण विचारलेला फरक. समजूत घातलेले मन त्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा वळते, तिच्यात खोट काढते, शेजाऱ्याने ती घेतली की खट्टू होते. समाधानी मन ती वस्तू कौतुकाने पाहते आणि आपल्या कामाला लागते. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत संतोषाच्या लगेच पुढे तप येते. संतोष म्हणजे निष्क्रियता असती, तर ही जोडी जमली नसती. म्हणून तो प्रयत्नाने येतो, असे मी म्हणेन.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शहरात राहणारी माणसेसुद्धा शेत गाठतात, कडब्याच्या खोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांवर पंगती उठतात आणि ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाचे बोलावणे असते. त्या दिवशी विकत आणलेले असे फारसे काही नसते, आणि तरीही कुणाला काही कमी असल्याचे आठवत नाही. आनंद अनुभवातून अधिक मिळतो, असे सांगून आता सहलीही हप्त्यांवर विकल्या जातात, ही गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २ (नांदेड)

वरील विवेचन चांगले आहे, पण ते पगारदारांचे आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी ज्याने पोटाला चिमटा घेऊन घरावर टाकी बसवली, त्याला अंतरीच्या समाधानाचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरले असते. ज्यांच्या वाट्याला काहीच नव्हते, त्यांनाच आहे त्यात सुख मानण्यास शतकानुशतके सांगितले गेले. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते काही या उपदेशाला मान तुकवून नव्हे.

स्वतः बुद्धांनी अनाथपिंडिक या गृहस्थाला चार सुखे सांगितली आहेत: न्यायाने मिळवलेली संपत्ती असणे, तिचा उपभोग व सत्कर्मासाठी विनियोग करणे, कोणाचे ऋण नसणे आणि आचरण निर्दोष असणे. पहिल्या तिघांना मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर नाही, असे ते म्हणतात. पण पहिल्या तिघांना ते सुख मानतात, हे विसरू नये. गरज भागल्यावर उरणाऱ्या हव्यासाविषयीच आपण येथे बोलत आहोत, एवढे स्पष्ट असावे.

प्रतिसाद ३ (परभणी, बँक कर्मचारी)

या चारांपैकी ऋण नसण्याच्या सुखाविषयी मला बोलायचे आहे, कारण रोज त्याचाच अभाव पाहतो. बिनव्याजी हप्ता म्हणून जे विकले जाते, त्यात व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. वस्तूची नवलाई संपते आणि हप्ते चालूच राहतात, तेव्हा माणूस उरलेली रक्कम नव्हे तर उरलेले महिने मोजू लागतो. अशा घरात समाधानावर कितीही प्रवचने झाली तरी पहिल्या तारखेला झोप उडतेच. ताई, आधी हप्ते फेडून टाका आणि नंतर काही काळ नवा घेऊ नका. मनाचे काम त्यामुळे बरेच सोपे होते. आणखी एक करता येईल. ही वस्तू कोणालाही दाखवता येणार नाही, तिचा फोटो स्टेटसला ठेवता येणार नाही, अशी कल्पना करून मग ती हवी आहे का ते पाहावे. पाण्याची टाकी या परीक्षेत सहज उतरते, बैठकीतला तिसरा सोफा उतरत नाही.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे आभार. नांदेडच्या दादांचा आक्षेप रास्त आहे. माझा प्रश्न गरज भागलेल्या घराचाच होता. एक अडचण मात्र उरते. मुलगा लातूरला वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करतो आणि त्याच्या खोलीतील सर्वांकडे महागडे फोन आहेत. माझे समाधान मी त्याच्यावर कसे लादावे?

प्रतिसाद १ (अंबाजोगाई)

लादू नये, ताई. लादलेल्या समाधानालाच आपण वर समजूत घालणे म्हटले. घरात किती येते, कुठे जाते, त्याच्या शिकवणीला आणि खोलीला किती लागते, हा सगळा हिशेब त्याच्यासमोर मोकळेपणाने मांडावा आणि वर्षभराची ठराविक रक्कम त्याच्या हाती सोपवावी. फोन घ्यायचा की नाही, ते त्यानेच सांगावे. त्याने घेतलाच, तर आपल्याकडून टोमणा जाऊ नये. मात्र अशा वेळी मुले बहुधा आपल्यापेक्षा कडक हिशेब करतात, असे मी पाहिले आहे. अट एवढीच, की वडिलांनी त्या वेळी भाषण करू नये.