पँथर्सने गड राखला तो कशाच्या जोरावर: खोल फळ्यांच्या की दुखापत-यादीच्या?

निळीरेषा
एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये फ्लोरिडा पँथर्सने २४ जून २०२४ ला एडमंटनला सातव्या सामन्यात २-१ ने हरवून पहिला स्टॅनली चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेतला आणि १७ जून २०२५ ला त्याच एडमंटनला सहाव्या सामन्यात ५-१ ने हरवून तो राखला. या दुसऱ्या चषकाबद्दल एकच वाक्य वारंवार ऐकू येतं: मॅथ्यू टकाचकला दीर्घकालीन दुखापत-यादीत टाकलं, त्याच्या पगाराच्या जागेत सेथ जोन्स आणि ब्रॅड मार्शंड आणले, प्लेऑफला (साखळीनंतरच्या बाद-मालिकांना) टकाचक परत. झालं विजेतेपद. मला हे साफ नामंजूर आहे.

आधी हे बघा की २०२४ च्या उन्हाळ्यात काय काय गेलं. माँटूर सिअॅटलला, एकमन-लार्सन आणि राखीव गोलरक्षक स्टोलार्ज टोरांटोला, तारासेंको डेट्रॉइटला, स्टेनलुंड युटाला, लोम्बर्ग कॅलगरीला. संघाच्या एकूण पगारावरची वेतनमर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलरची. त्यात राइनहार्टला ८ वर्षांसाठी वर्षाला ८६ लाख २५ हजार देऊन ठेवला आणि बाकीची भोकं नेट श्मिटसारख्या ८ लाखांच्या माणसांनी बुजवली. साखळीत ४७ विजय, ३१ पराभव, ४ जादा वेळेतले पराभव, ९८ गुण, अटलांटिक विभागात तिसरा नंबर. म्हणजे प्लेऑफच्या चारही मालिका परक्या बर्फावर सुरू झाल्या.

खरी गोष्ट इथे आहे. बाहेरच्या १३ सामन्यांत १० विजय, घरच्या १० मध्ये ६. खेळ थांबला की शेवटचा बदल यजमानाच्या हातात असतो. पाहुण्या संघाने कोणती फळी (एकत्र उतरणारे तीन आघाडीवीर) उतरवली ते पाहून यजमान आपली उतरवतो. तुमची एकच फळी चांगली असेल तर परक्या बर्फावर तिच्यासमोर रात्रभर त्यांची सर्वोत्तम बचाव-जोडी उभी राहते. पँथर्सकडे बार्कोव्हची, बेनेटची आणि लुंडेल-लुओस्टारिनेन-मार्शंड अशी तिसरी, या तीन फळ्या होत्या. कुणाला अडवायचं हेच यजमान प्रशिक्षकाला ठरवता येईना. हे नियमाच्या पळवाटेतून येत नाही.

बाकावरून
तिसऱ्या फळीत तुम्ही ज्याचं नाव घेतलंत तो मार्शंड आला कुठून? ७ मार्च २०२५, व्यवहारांचा शेवटचा दिवस, बॉस्टनकडून. त्याच्या सहा दिवस आधी शिकागोकडून जोन्स. फेब्रुवारीत चार देशांच्या स्पर्धेत टकाचकच्या जांघेचा स्नायू गेला नसता तर मर्यादेला चिकटलेल्या या संघाला दोघंही परवडले नसते.

नियम नीट मांडतो, कारण यावर बरीच धूळ उडते. खेळाडू किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर त्याला या यादीत टाकता येतं आणि संघाला त्याच्या पगाराइतकं मर्यादेपलीकडे जाता येतं. टकाचकचे वर्षाचे ९५ लाख. तेव्हाची मेख अशी की मर्यादा फक्त साखळीला लागू होती, प्लेऑफला नव्हती. टकाचक परतला तो थेट टँपाविरुद्धच्या पहिल्या सामन्याला. त्या रात्री दोन गोल, एकूण २३ सामन्यांत २३ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून). मर्यादेखाली बसणारे बाकीचे संघ आणि हा संघ यांची तुलनाच कशी करायची? नियम मोडला असं मी म्हणत नाही. चषक त्यावर उभा आहे, एवढंच म्हणतो.

निळीरेषा
मग बेरीज-वजाबाकी पूर्ण करा. जोन्सच्या ९५ लाखांपैकी २५ शिकागोने स्वतःकडे ठेवले, फ्लोरिडावर ७० आले. बदल्यात गोलरक्षक स्पेन्सर नाइट गेला, त्याचे ४५ सुटले. निव्वळ वाढ २५ लाख. मार्शंडचा अर्धा भार बॉस्टनने उचलला, फ्लोरिडाकडे आले ३० लाख ६२ हजार. या दोघांसाठी मिळून ५६ लाखांच्या आत काम झालं. ९५ लाखांची मोकळी जागा म्हणून जी ओरड होते, ती या दोघांवर पुरती वापरलेलीही नाही.

आणि नाइट देणं हा सोपा निर्णय नव्हता. २३ वर्षांचा गोलरक्षक, वर नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिल्या फेरीतला हक्क. पहिला गोलरक्षक बोब्रोव्हस्की याच्यामागचा तरुण आधार देऊन महाव्यवस्थापक बिल झिटोने बचावपटू घेतला, कारण माँटूर गेल्यापासून दुसऱ्या जोडीला आपल्या भागातून पक (खेळाची चकती) बाहेर काढणारा माणूसच नव्हता. जोन्स-मिक्कोला जोडी बसली आणि फोर्सलिंग-एकब्लाडवरचं ओझं कमी झालं. दहाच दिवसांत एकब्लाडला बंदी घातलेल्या औषधासाठी २० सामन्यांची शिक्षा झाली. ते भगदाड जोन्स नसता तर कशाने बुजवलं असतं?

बाकावरून
ती ५६ लाखांची जागा कुठून आली, हाच तर माझा प्रश्न आहे. वजाबाकी बरोबर आहे, पण उत्तर माझ्याच बाजूचं आहे.

टोरांटोकर
दुसऱ्या फेरीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पहिले दोन्ही सामने टोरांटोने जिंकले होते. पहिल्याच सामन्यात बेनेटचं कोपर स्टोलार्जच्या डोक्याला लागलं, पंचांनी शिट्टीही वाजवली नाही, आणि स्टोलार्ज त्या मालिकेत पुन्हा गोलमध्ये उभा राहिला नाही. हाच बेनेट शेवटी १५ गोल करून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पँथर्सचा खेळ गोलरक्षकाच्या अंगावर जाण्यावरच उभा आहे. त्याला नुसतं 'फळ्यांची खोली' म्हणणं मला मान्य नाही.

तिसरी_जोडी
टोरांटोकर, कोपराबद्दल तुमचा राग रास्त आहे, तिथे दंड व्हायलाच हवा होता. पण पाचवा आणि सातवा सामना टोरांटोच्याच बर्फावर ६-१ आणि ६-१ गेला. तो स्टोलार्ज नव्हता म्हणून नाही गेला. टोरांटोचे बचावपटू स्वतःच्या कोपऱ्यातून पक बाहेर काढू शकले नाहीत, म्हणून गेला.

पँथर्सचा फोरचेक, म्हणजे समोरच्याच्या भागात घुसून पकसाठी टाकलेला दबाव, २-१-२ असा आहे. मैदानाच्या मधली लाल रेषा ओलांडली की पक कोपऱ्यात टाकायचा. पहिला आघाडीवीर थेट पकवाल्या बचावपटूवर, पण सरळ रेषेत नाही. आतल्या बाजूने वळसा घेऊन जातो, म्हणजे मधली वाट बंद आणि समोरच्याला भिंतीकडेच वळावं लागतं. दुसरा गोलमागून जाणारा पास तोडतो. तिसरा वर, गोलसमोरच्या पट्ट्यात थांबतो. मागचे दोघं बचावपटू निळ्या रेषेवर (समोरच्याच्या भागाच्या हद्दीवर) भिंतीला चिकटून राहतात आणि पक भिंतीवरून आला की खाली झेपावतात. त्यांच्यातला जो पुढे जाईल त्याची जागा तिसऱ्याने घ्यायची. हे शेवटचं कलम विसरलं की एका बचावपटूवर दोन हल्लेखोर असा धावता हल्ला अंगावर येतो.

यात सगळा खर्च पायांचा आहे. शिफ्ट, म्हणजे फळीची बर्फावरची एक पाळी, ४०-४५ सेकंदांची. पहिला आघाडीवीर अर्धा सेकंद उशिरा पोचला तर बचावपटूला मान वर करून पास शोधायला वेळ मिळतो आणि सगळा सापळा फुकट. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्यामुळे स्वतःचं बाक आपल्या गोलपासून लांब पडतं, तेव्हा तर दमलेली फळी अडकूनच पडते. म्हणून हा खेळ दोन फळ्यांवर चालत नाही. निळीरेषा इथपर्यंत बरोबर आहेत.

पण तो अभेद्य होता असंही नाही. अंतिम फेरीचा चौथा सामना काढा. पहिल्या सत्रानंतर ३-० आघाडी, घरचं मैदान. एडमंटनने गोलरक्षक बदलून पिकार्डला आणलं. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडा दंड घेत गेली, फळ्यांचा क्रम विस्कटला, दंडाच्या वेळी (शिक्षा झालेला बाहेर बसतो आणि संघ एक माणूस कमी खेळतो) तीच चार-सहा माणसं बर्फावर राहिली आणि फोरचेकला पाय उरले नाहीत. सत्र संपता ३-३. राइनहार्टने २० सेकंद राहिले असताना ४-४ केलं, पण जादा वेळेत एडमंटनच्या ड्रायसाइटलने संपवलं. पहिल्या सामन्यातही तेच. फ्लोरिडाच्या नोसेकने स्वतःच्या भागातून पक थेट काचेवरून बाहेर मारला, दोन मिनिटांचा ठरलेला दंड, आणि जादा वेळेची ३१ सेकंद उरली असताना ड्रायसाइटलचाच पॉवर प्ले (समोरचा एक माणूस कमी असतानाचा) गोल. या संघाला दुसऱ्या कुणापेक्षा स्वतःचे दंड महाग पडले.

टोरांटोकर
कोपऱ्यातून पक निघत नव्हता हे मान्य. सातव्या सामन्यात दुसऱ्या सत्रात ते डोळ्यांनी दिसत होतं. स्टोलार्जबद्दलचं मत मात्र बदलत नाही. मालिका २-० असताना पहिला गोलरक्षक हाताशी असणं आणि नसणं यात फरक पडतोच. तिसरा सामना जादा वेळेत ५-४ ने गेलाय, विसरू नका.

बाकावरून
तिसरी_जोडी, पायांचा खर्च तुम्ही काढलात ते बरं झालं. २०२३ च्या प्लेऑफमध्ये २१ सामने, २०२४ मध्ये २४, २०२५ मध्ये २३. तीन वसंतांत ६८ सामने, म्हणजे साखळीचा जवळजवळ एक अख्खा हंगाम जादाचा. अशा संघाला मार्चमध्ये ताजे पाय लागतात आणि ते विकत घ्यायला जागा लागते. मार्शंडने अंतिम फेरीत ६ गोल केले. दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या जादा सत्रात लुंडेलच्या पासवर एकटा सुटून त्याने ५-४ केलं नसतं, तर एडमंटन २-० ने पुढे होतं.

आणि त्याची किंमतही मोजावी लागली. २०२५ च्या उन्हाळ्यात बेनेट ८ वर्षं ८० लाखांनी, एकब्लाड ८ वर्षं ६१ लाखांनी, ३७ वर्षांचा मार्शंड ६ वर्षं साडेबावन्न लाखांनी. सप्टेंबरमध्ये सराव शिबिरात बार्कोव्हचा गुडघा गेला. टकाचकची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली.

निळीरेषा
टकाचकची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली, हाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. स्नायू हाडापासून सुटलेला, वर हर्निया. तशा अंगाने तो २३ सामने खेळला. 'बरा होता, मुद्दाम लपवून ठेवला' हा आरोप तिथेच गळतो. आणि ताजे पाय सगळेच विकत घेतात. लॉस एंजेलिस किंग्ज २०१४ चे विजेते, पुढच्या हंगामात प्लेऑफलाही नव्हते. कॅरोलायना २००६ नंतर तेच. वॉशिंग्टन, सेंट लुइस, कोलोरॅडो, व्हेगास हे चारही विजेते पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत गेले. यादीचा नियम या सगळ्यांच्या वेळीही होता.

बाकावरून
लपवला असं मी कुठेच म्हटलेलं नाही, कृपया माझ्या तोंडी घालू नका. दुखापत खरी होती आणि फायदाही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. लीगलाही तसंच वाटलं असावं, नाहीतर खेळाडू संघटनेबरोबरच्या नव्या करारात प्लेऑफच्या सामन्यात उतरणाऱ्या २० जणांच्या पगारांची बेरीज मर्यादेत बसवण्याचं कलम घातलं नसतं.

तिसरी_जोडी
तेच कलम २०२५ ला लावून बघा. त्यात फक्त उतरणारे २० मोजतात, बाहेर बसलेले नाहीत. मोजणी करायची तर कुणाला बसवून टकाचक आत येतो हे सामन्यागणिक मांडायला लागेल. चौथ्या फळीतल्या ८-१० लाखांच्या माणसांना बसवून काहीच सुटत नाही, बसवावा लागेल तो मोठ्या पगाराचा कुणीतरी. माझ्या मते झिटोने तेव्हाही जोन्सला हात लावला नसता, दुसऱ्या फळीचा एखादा आघाडीवीर काढला असता. सहाव्या सामन्यात राइनहार्टने पहिला गोल केला तो पक हिसकावून, पडता पडता. असा गोल यायला आधी बचावपटूवर दबाव लागतो, आणि तो दबाव मागे जोन्स, फोर्सलिंग यांच्यासारखे निळी रेषा धरून उभे असतात म्हणून टाकता येतो.