मदत हवी आहे: इथरनेटच्या पेअरचे ट्रॅक अगदी जवळ घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,
अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा बोर्ड करतोय. चार लेयर, १०० एमबीपीएस इथरनेट (सिग्नल दोन ट्रॅकच्या जोडीवर, म्हणजे पेअरवर), आणि बसणार कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हशेजारी (मोटरचा वेग बदलणारं, नॉइज करणारं यंत्र), एकाच पॅनेलमध्ये. म्हणून काळजी.

वरच्या लेयरखाली ०.२ मिमीवर अखंड ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा सलग थर) आहे. पेअरला लागणारा १०० ओहम इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) दोन्ही प्रकारे जमतो: ट्रॅक साधारण ०.२ मिमी आणि गॅप ०.१५, नाहीतर ट्रॅक ०.३ आणि गॅप ०.५. लेआउट करणारा सहकारी पहिल्यावर ठाम आहे. ट्रॅक जवळ असले की नॉइज दोघांवर सारखाच येतो, रिसीव्हर फक्त फरक बघतो, त्यामुळे तो वजा होतो, असं त्याचं म्हणणं. ते पटतं. पण प्लेन इतका जवळ असताना बराचसा रिटर्न करंट (परतीचा प्रवाह) त्यातूनच जाणार. मग शेजारच्या ट्रॅकचा उपयोग कितीसा? शिवाय बारीक ट्रॅकवर एचिंगमधला (तांबं कोरतानाचा) जरासा फरकही इम्पिडन्स जास्त हलवतो, आणि कनेक्टरपाशी पेअर फाकली की जवळच्या ट्रॅकमध्ये इम्पिडन्सची उडी मोठी बसते.

ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये इथरनेट चालवलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, नॉइज कुठून येतोय ते आधी बघा. ड्राइव्हचा नॉइज मुख्यतः केबलवरून येतो, दोन्ही तारांवर जवळपास सारखा. तो अडवायचं काम ट्रान्सफॉर्मर आणि कॉमन मोड चोकचं. बोर्डावरच्या गॅपने त्यात फारसा फरक पडत नाही. बोर्डावरच बक कन्व्हर्टरची (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटची) कॉइल पेअरला खेटून असेल तर मात्र गॅप महत्त्वाचा, कारण कॉइलजवळचा ट्रॅक जास्त नॉइज उचलतो आणि लांबचा कमी. पण तिथेही कॉइल हलवणं जास्त परिणामकारक.

जवळ घेण्याचा खरा फायदा जागेचा. दोन्ही ट्रॅक एकाच वाटेने जातात, लांबीही सहज जुळते. दोन लेयरचा बोर्ड असता तर मी डोळे झाकून जवळ घ्या म्हटलं असतं: तिथे प्लेन लांब असल्याने १.६ मिमी बोर्डावर एकट्या ट्रॅकला ५० ओहमसाठीच सुमारे ३ मिमी रुंदी लागते. तुमच्याकडे जागा असेल तर ०.३ चा ट्रॅक घ्या, फक्त प्लेनमध्ये कुठे चीर पडू देऊ नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आमची कॉइल खरंच पेअरलगत आहे, ती दुसऱ्या कडेला नेतो. आता एकच अडलंय: ट्रान्सफॉर्मरखालचा ग्राउंड सगळ्या लेयरवरून काढायचा, की फक्त वरच्या दोन?